कॅमेलियाच्या कळ्या उमलण्याआधीच का गळतात?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. आपण दोन वर्षांपूर्वी जपानी कॅमेलियाचे कुंडीतले रोप आणले. पहिल्या हंगामात ते चांगले फुलले, दुसऱ्या हंगामात मोजकी फुले आली, आणि या वर्षी झाड कळ्यांनी भरलेले असूनही बहुतेक कळ्या तपकिरी पडून न उमलताच गळाल्या. नव्या पानांवर पिवळेपणा आहे, पण त्यांच्या शिरा हिरव्या आहेत. सावली आवडणारे झाड म्हणून आपण ते एका उंच भिंतीलगत ठेवले होते. कळ्या गळू लागल्यावर ऊन कमी पडत असावे या शंकेने ते उन्हात हलवले, रोज थोडे थोडे पाणी देणे सुरू केले आणि फुले टिकावीत म्हणून खत व लाकडाची राख घातली. आता आणखी ऊन द्यावे की आणखी खत, आणि फांद्या छाटाव्यात का, असे आपण विचारले आहे.

तूर्त ऊनही वाढवू नये आणि खतही देऊ नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. झाड कळ्यांनी भरले होते, असे आपण लिहिले आहे. प्रकाश खरोखरच अपुरा असता, तर इतक्या कळ्या मुळात धरल्याच नसत्या. दाट अंधाऱ्या सावलीतली कॅमेलिया हिरवीगार दिसते, तिच्या फांद्या लांबत जातात, पण शेंड्यांवर कळ्या नसतात. म्हणजे आपला प्रश्न फुले का धरत नाहीत हा नसून, धरलेल्या कळ्या झाड टाकून का देते हा आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की नुकसान वाढते. गेली बावीस वर्षे मी ही झाडे सांभाळते आहे, काही जमिनीत आणि बरीचशी कुंड्यांत. या काळात कळीगळ झालेली जी झाडे मी तपासली, त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे कळ्यांत नव्हते, मुळांत होते, आणि ते कळ्या गळण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले होते.

हे लक्षात येण्यासाठी या झाडाचे वर्ष कसे चालते ते पाहावे लागते. फुलांचा बहर ओसरला की नवी पालवी फुटते. ही वाढ काही आठवड्यांत थांबते, कोवळी पाने जून होतात, आणि उन्हाळ्याच्या उबेत त्याच नव्या काडीच्या टोकाशी पुढच्या हंगामाच्या कळ्या धरतात. सुरुवातीला त्या इतक्या बारीक असतात की पानकळी कोणती आणि फुलकळी कोणती हे सांगता येत नाही. नंतर फुलकळी गोल आणि टपोरी होते, पानकळी मात्र सडपातळ आणि टोकदारच राहते. पुढे अनेक महिने ही फुलकळी संथपणे भरत जाते आणि हवेत गारवा आला की उमलते. धरण्यासाठी ऊब आणि उमलण्यासाठी गारवा, अशी तिची दुहेरी गरज आहे. गुलाबाची किंवा जास्वंदीची कळी काही आठवड्यांत फुलते. कॅमेलियाची कळी मात्र अर्ध्या वर्षाहून अधिक काळ फांदीवर असते आणि त्या सगळ्या काळात झाडाला तिचे पोषण करावे लागते.

म्हणूनच उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाने ओढ दिलेल्या दिवसांत दोन-तीन वेळा मुळांशी कोरड पडली, तर त्याचा परिणाम त्या आठवड्यात दिसत नाही. इतर झाडे तहान लागली की माना टाकतात. कॅमेलियाचे पान जाड, चिवट आणि मेणचट असते. ते कोमेजत नाही. झाड वरून जसेच्या तसे तुकतुकीत दिसत राहते आणि आपण निश्चिंत राहतो. कळ्यांच्या देठाशी मात्र झाडाने निर्णय घेतलेला असतो. पुढे कळी फुगण्याची वेळ आली की ती टोकाकडून तपकिरी पडते आणि बोट लावताच हातात येते. त्या वेळी घाईने दिलेले पाणी, खत किंवा ऊन त्या कळीला परत जोडू शकत नाही. हिवाळ्यात गळलेल्या कळीचे कारण शोधायचे असेल, तर मागच्या पाच-सहा महिन्यांत त्या झाडाला पाणी कसे मिळाले हे आठवावे लागते.

आता आपल्या कुंडीकडे येते. रोज थोडे थोडे पाणी, हे वाक्य वाचून मला सर्वांत अधिक काळजी वाटली. रोपवाटिकेतून येणारी कॅमेलिया बहुधा कोकोपीट किंवा पीटसारख्या हलक्या माध्यमात वाढवलेली असते, आणि आपण ती मोठ्या कुंडीत लावताना सभोवती बागेची माती भरतो. ही हलकी हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, एकदा पूर्ण वाळली की आक्रसते आणि पाणी सहजासहजी आत घेत नाही. वरून दिलेले पाणी हुंडीच्या कडेने निसटते आणि बुडाच्या भोकातून बाहेर येते. आपल्याला वाटते, झाड पोटभर प्यायले. प्रत्यक्षात भोवतालची माती ओली आणि मुळांचा गाभा कोरडा अशी स्थिती असते. माझ्याकडे एका वर्षी ठिबकावर ठेवलेल्या नऊ कुंड्यांपैकी सात झाडांनी कळ्या टाकल्या. रोज ठरावीक वेळी पाणी पडत होते, वरची माती नेहमी ओलसर लागत होती, त्यामुळे पाण्यावर माझा संशय गेलाच नाही. शेवटी एक झाड कुंडीतून काढून हुंडी सुरीने मधोमध कापली, तेव्हा आतली माती पिठासारखी भुरभुरीत निघाली आणि तिथली बारीक मुळे तपकिरी होऊन वाळलेली होती. त्या दिवसापासून मी वरच्या मातीवर विश्वास ठेवणे सोडले.

तपासणी सोपी आहे. झाडाच्या खोडापासून चार बोटे अंतरावर एक पातळ बांबूची काडी हुंडीत खोलवर खोचावी, दहा मिनिटांनी काढावी. काडी कोरडी निघाली आणि कुंडी उचलताना आकाराच्या मानाने हलकी लागली, तर निदान झालेच. अशा वेळी वरून पाणी ओतत राहण्यात अर्थ नसतो. कुंडी एका मोठ्या बादलीत किंवा टबात ठेवून पाणी कुंडीच्या काठाच्या किंचित खाली येईल इतके भरावे आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, तशीच ठेवावी. मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी. त्यानंतर पाणी द्यायचे ते रोजच्या हिशेबाने नको. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकू लागली की द्यावे, आणि देताना सावकाश, दोन टप्प्यांत, बुडातून पाणी झिरपेपर्यंत द्यावे. किती दिवसांनी, हा आकडा मी देत नाही, कारण तो कुंडीच्या मापावर, मातीच्या मिश्रणावर, वाऱ्यावर आणि ऋतूवर अवलंबून असतो. एकाच ओळीतल्या माझ्या दोन कुंड्यांना वेगवेगळ्या दिवशी पाणी लागते, कारण एक मातीची आहे आणि दुसरी प्लॅस्टिकची.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझ्या सल्ल्याने झाड बुडायचे. कॅमेलियाला ओलावा हवा, पण चिखल अजिबात नको. शेतीतला वाफसा हा शब्द या झाडासाठी अगदी नेमका आहे: माती ओलसर, तरीही तिच्यात हवा खेळती. कुंडीखालच्या बशीत पाणी साचून राहिले, तर मुळे गुदमरतात आणि फायटोफ्थोरासारखी मूळकूज शिरते. अशा झाडाची पाने निस्तेज होतात, पाणी देऊनही झाड सुकत जाते, आणि हुंडी बाहेर काढली तर पांढऱ्या-बदामी मुळांऐवजी काळपट, सहज सोलून येणारी मुळे दिसतात. पानांच्या खालच्या बाजूला बुचासारखे खरखरीत ठिपके उठले असतील, तर तेही मुळांना झेपेल त्याहून अधिक पाणी मिळत असल्याचे लक्षण असते. त्याला रोग समजून फवारणी करू नये. म्हणूनच काडीची तपासणी केल्याशिवाय पाणी वाढवूही नये आणि कमीही करू नये, कारण कळीगळ दोन्हींमुळे होते.

पानांच्या पिवळेपणाचा प्रश्न वेगळा आहे, पण त्याचेही मूळ मातीतच आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही नव्या पानांवर, याला आपल्याकडे केवडा पडणे म्हणतात आणि तो लोहाच्या कमतरतेचा असतो. मातीत लोह नसते असे नव्हे. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढला की असलेले लोह मुळांना घेता येत नाही. कॅमेलियाला ५.५ ते ६.५ सामूची, म्हणजे किंचित आम्ल माती लागते. चहाचे झुडूप याच कुळातले, किंबहुना याच कॅमेलिया वंशातले आहे. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. चहाचे मळे आम्ल मातीच्या, भरपूर पावसाच्या आणि उत्तम निचऱ्याच्या उतारांवर का असतात हे ज्याने लक्षात घेतले, त्याला आपल्या कुंडीतल्या झाडाची निम्मी गरज कळली असे मी मानते.

या दृष्टीने राख घालणे ही चूक झाली. राख अल्कधर्मी असते. ती सामू वाढवते आणि केवडा आणखी गडद होतो. अंड्याची टरफले, चुना आणि हाडांचे चूर्ण यांचाही कल त्याच दिशेने असतो, म्हणून ही द्रव्ये या झाडाला देऊ नयेत. वरची राख मिसळलेली माती दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत हलक्या हाताने खरवडून काढून टाकावी, मुळे वरच असतात म्हणून खुरपे खोल घालू नये. त्याच वेळी पाण्याचीही चौकशी करावी. ज्या भांड्यात आपण रोज पाणी उकळता, त्याच्या आत पांढरा थर चढत असेल, तर आपले पाणी क्षारयुक्त आहे आणि प्रत्येक पाणी देण्यासरशी थोडा थोडा चुना कुंडीत जात आहे. दोन वर्षांत हळूहळू बिघडत गेलेल्या झाडाची कहाणी पुष्कळदा इथेच उलगडते: पहिल्या हंगामात मूळची चांगली माती साथ देते, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात मुळीच नाही. पावसाचे पाणी साठवणे शक्य असेल तर कॅमेलियासाठी ते सर्वोत्तम. केवडा उतरवण्यासाठी चिलेटेड स्वरूपातले, म्हणजे मातीत अडकून न बसणारे लोह वेष्टनावरच्या प्रमाणात द्यावे. नुसता हिराकस (फेरस सल्फेट) घातला तर चुनखडीच्या मातीत त्यातले लोह लवकरच पुन्हा अडकून बसते. वापरलेली चहापत्ती घालावी का, असा प्रश्न हमखास येतो. पालापाचोळ्यात मिसळून तिचा पातळ थर द्यायला हरकत नाही, पण सामू बदलण्याचे बळ तिच्यात नाही.

सर्वच पिवळी पाने केवड्याची नसतात, हेही ध्यानात ठेवावे. जुने पान दोन-तीन वर्षे जगून, नव्या पालवीच्या सुमारास पिवळे पडून गळते. सदाहरित झाडाची पाने गळतच नाहीत असे नसते, ती सगळी एकदम गळत नाहीत एवढेच. काही पानांवर शिरांची तमा न बाळगता उमटलेले ठळक पिवळे किंवा पांढरट डाग विषाणूचे असतात. त्यावर उपाय नाही आणि झाडाला त्याचा फारसा त्रासही नसतो. पानाच्या मध्यावर, उन्हाकडच्या बाजूला, तपकिरी करपलेला चट्टा असेल तर ते ऊन लागलेले पान आहे. आपण झाड अचानक उन्हात हलवले असल्यामुळे असे चट्टे येत्या काही दिवसांत दिसण्याची शक्यता आहे.

सावलीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण सावली आवडणारे झाड या शब्दांनी अनेकांची दिशाभूल होते. जपानी कॅमेलिया चीन, कोरिया, जपान आणि तैवान इथल्या अरण्यांतली आहे. तिथे ती उंच वृक्षांच्या आश्रयाने वाढते, म्हणजे तिच्या डोक्यावर छत असते, पण त्या छतातून कवडसे झिरपत असतात आणि पायाशी वर्षानुवर्षे कुजत आलेल्या पानांची गार, भुसभुशीत गादी असते. तिला आवडणारी सावली ती ही. उजेड भरपूर, मात्र दुपारच्या उन्हाचा मारा नको. आणि मुळे कायम गार. उंच भिंतीलगतची जागा उजेडी असेल, वर आकाश मोकळे असेल, तर ती उत्तम असते. चहूबाजूंनी कोंडलेली, दिवसाही दिवा लावावा लागेल अशी जागा मात्र कामाची नाही. आपल्या झाडाला इतक्या कळ्या धरल्या, यावरून आपली पहिली जागा योग्य होती, असे मला वाटते. कुंडी तिथेच परत न्यावी. आणि एकदा कळ्या फुगू लागल्या की कुंडी हलवू नये, फिरवूही नये. प्रकाशाची दिशा, वारा आणि तापमान एकाएकी बदलले की त्यानेही कळ्या गळतात. बंदिस्त, कोरड्या, उबदार खोलीत आणलेले कळ्यांनी भरलेले झाड तर काही दिवसांतच रिकामे होते.

भिंत सिमेंटची असेल आणि पुढे कधी झाड तिच्या पायथ्याशी जमिनीत लावायचा विचार असेल, तर तिथे बांधकामाचा राडारोडा पुरलेला नाही ना, हे खणून पाहावे. चुन्या-सिमेंटचे तुकडे असलेल्या मातीत या झाडाचा केवडा कधीच बरा होत नाही.

जिथे हिवाळ्यात कडाक्याचे दव गोठते, तिथे सकाळच्या पहिल्या उन्हाची जागा टाळावी. गोठलेली कळी सावकाश वितळली तर पुष्कळदा वाचते. तिच्यावर एकदम ऊन पडले की पाकळ्यांच्या पेशी फुटतात आणि कळी तपकिरी पडते. झाड स्वतः मात्र कणखर असते. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झ इथे एक कॅमेलिया १८०१पासून एकाच जागी उभी आहे. हिवाळ्यात तिच्यावर जे लाकडी घर उभारत, त्याला १९०५च्या जानेवारीत आग लागली. विझवण्यासाठी मारलेले पाणी झाडावरच गोठले, आणि तरीही ते पुन्हा फुटले. आज त्याची उंची साडेआठ मीटरच्या वर आहे. लाकूड आणि पान इतके सोसते. नाजूक असते ती कळी. त्यामुळे कळ्या गळल्या म्हणून झाड मरणार, ही भीती आपण मनातून काढून टाकावी.

थंडीपेक्षा मला उष्णतेची चिंता अधिक वाटते. १७३९च्या सुमारास इंग्लंडमध्ये लॉर्ड पीटर यांच्या बागेत कॅमेलिया फुलल्याची नोंद आहे. पूर्वेकडून आलेले झाड म्हणून त्यांची पहिली झाडे तापवलेल्या काचघरात ठेवली गेली आणि त्या उष्णतेनेच ती मेली, असे सांगतात. काळजीपोटी घातलेली ऊब त्यांना बाधली. आपल्या इथे उमलण्याच्या काळातही दिवस-रात्र उष्मा राहत असेल, तर पुष्कळ पाकळ्यांच्या, घट्ट विणीच्या जाती अर्ध्यावर अडकतात: कळी फुगते, टोकाशी रंग दिसतो, पण ती उघडत नाही. तिथे पाणी आणि माती कितीही सुधारली तरी त्या जातीकडून फार अपेक्षा करता येत नाही. अशा हवेत एकेरी किंवा निमदुहेरी पाकळ्यांच्या, लवकर फुलणाऱ्या जाती घ्याव्यात, किंवा सासांक्वा कॅमेलिया लावावी. तिची पाने आणि फुले लहान असतात, ती शरद ऋतूपासूनच फुलू लागते आणि जपानी कॅमेलियापेक्षा ऊनही अधिक सोसते. आपण जातीचे नाव आणि तिथल्या हिवाळ्याचे स्वरूप लिहिलेले नाही, म्हणून या मुद्द्यावर मी निश्चित बोलत नाही. पहिल्या हंगामात झाड चांगले फुलले होते खरे, पण त्या कळ्या रोपवाटिकेत, तिथल्या हवेत धरलेल्या आणि भरलेल्या होत्या, हेही लक्षात घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट कुंडी बदलताना पाहावी, ती म्हणजे लागवडीची खोली. कॅमेलियाची मुळे उथळ पसरतात आणि तिला खोल गाडलेले मुळीच सोसत नाही. सुरुवातीच्या काळात मी बारा रोपे एका रांगेत लावली होती. खड्डे खोल खणले, खाली भरपूर खत भरले, आणि ते खत कुजून बसले तशी रोपेही हळूहळू खाली गेली. खोडाचा बुंधा सहा-सात सेंटिमीटर मातीखाली गाडला गेला. तीन वर्षे ती रोपे मेली नाहीत आणि वाढलीही नाहीत. शेवटी प्रत्येक रोप हुंडीसकट उचलून, हुंडीचा वरचा भाग जमिनीच्या किंचित वर राहील असे पुन्हा लावले. दोन रोपे दगावली, उरलेल्या दहांनी दुसऱ्या वर्षी अशी पालवी फोडली की मला त्या तीन वर्षांचे फार वाईट वाटले. आपल्या झाडाच्या बुंध्याशी बोटाने माती बाजूला करून पाहावे. खोड जिथे रुंदावून मुळे फुटतात ती जागा उघडी किंवा अगदी पृष्ठभागाशी असायला हवी.

आता याच क्रमाने काय करावे ते सांगते. आज कुंडी पूर्वीच्या जागी परत न्यावी, काडीने हुंडी तपासावी आणि कोरडी असेल तर भिजवावी. या आठवड्यात राखेची माती खरवडून तिथे कुजलेल्या पानांचे खत घालावे आणि वर पाच सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा सालीच्या तुकड्यांचे आच्छादन द्यावे, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवून. उरलेल्या कळ्यांचे जे व्हायचे ते होऊ द्यावे. हंगाम संपल्यावर आणि पालवी फुटण्याआधी झाड नव्या मिश्रणात लावावे: दोन भाग चांगले कुजलेले पानांचे खत, एक भाग चुनखडी नसलेली पोयट्याची माती, एक भाग बारीक केलेली झाडाची साल आणि थोडी जाड वाळू. आधीच्या कुंडीपेक्षा नवी कुंडी चार-पाच सेंटिमीटरच रुंद असावी. फार मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत ती माती ओलीच राहते आणि आंबते.

खताबाबत मी हात आखडता ठेवते. क्षार वाढले की या झाडाची बारीक मुळे जळतात आणि पानांच्या कडा करपतात. बहर संपल्यावर एकदा आणि पालवी जून होताना पुन्हा एकदा, आम्लप्रिय झाडांसाठीचे खत वेष्टनावर लिहिले असेल त्याच्या निम्म्या मात्रेत द्यावे. उन्हाळ्याच्या मध्यानंतर देऊ नये. त्या वेळी दिलेल्या नत्राने अवेळी कोवळी फूट येते आणि ती फूट कळ्यांच्या वाट्याचे खाते. आजारी किंवा कोरड्या मुळांच्या झाडाला तर कधीही खत देऊ नये. आपण नुकतेच खत घातले आहे, म्हणून कुंडी भिजवून निथळल्यावर एकदा भरपूर साधे पाणी वरून सोडावे, म्हणजे जास्तीचे क्षार वाहून जातील.

छाटणीची आत्ता गरज नाही. करायचीच झाली तर फुले संपताक्षणी, पालवी येण्याआधी करावी, कारण नंतर कापलेल्या प्रत्येक शेंड्याबरोबर पुढच्या वर्षीची कळी जाते. मागच्या वर्षीची वाढ जिथे संपली तिथे काडीवर खरखरीत वळे दिसते. त्याच्या किंचित वर कापले की खालचे सुप्त डोळे जागे होतात आणि एका शेंड्याचे तीन-चार होतात. म्हातारे, वेडेवाकडे झाड अगदी जुन्या लाकडापर्यंत कापले तरी ते पुन्हा फुटते, पण फुलांची दोन-तीन वर्षे वाट पाहावी लागते. छाटणीपेक्षा आपल्याला अधिक उपयोगी पडेल ती कळ्यांची विरळणी. एकाच शेंड्यावर तीन-चार कळ्या गुच्छाने धरल्या असतील, तर त्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर एक टपोरी कळी ठेवून बाकीच्या हलकेच पीळ देऊन काढाव्यात. कुंडीतले झाड आपल्या ताकदीपेक्षा जास्त कळ्या धरते आणि मग स्वतःच त्यांतल्या काही टाकते. ती नैसर्गिक गळ असते. कळीगळ थांबवायची असेल तर कळ्या आपणच कमी करणे हा उपाय नव्या माणसाला जिवावर येतो, मलाही आला होता, पण राहिलेल्या कळीचे फूल पाहिले की तो पटतो.

कीड-रोगांविषयी थोडेच. पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणचट रेघा किंवा चपटे तपकिरी खवले, आणि वरच्या पानांवर काजळीसारखा काळा थर असेल, तर ती खवले कीड आहे. थर पुसून काढावा आणि कीड ओल्या फडक्याने खरवडावी, प्रादुर्भाव मोठा असल्यास बागकामाचे तेल पानांच्या खालून फवारावे, तेही थंड वेळी. कोवळी पाने जाड, मांसल आणि फिकट होऊन फुगली, तर ती पांढरी पडण्याआधी तोडून टाकावीत. उमललेल्या फुलावर तपकिरी डाग पसरत जाऊन फूल लवकर सडत असेल, आणि गळलेल्या फुलाच्या पाकळ्या सुट्या केल्यावर देठाकडे राखाडी-पांढरे बुरशीचे कडे दिसत असेल, तर तो पाकळीकरपा असतो. त्याची बीजे जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून सगळी फुले वेचून नष्ट करावीत, खतखड्ड्यात टाकू नयेत. हा करपा उमलत्या फुलाला होतो; आपल्या न उमललेल्या कळ्यांशी त्याचा संबंध मला दिसत नाही.

हे सर्व केल्यावरही या हंगामात चित्र बदलणार नाही, याची कल्पना आधीच देते. नवी पालवी हिरवी आली, तर माती सुधारल्याची पहिली खूण मिळेल. खरी परीक्षा त्यानंतरची, उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढच्या चार महिन्यांची आहे. त्या काळात हुंडी एकदाही पूर्ण वाळली नाही, तर पुढच्या हिवाळ्यात कळ्या टिकायला हव्यात. तोवर शक्य असल्यास तीन गोष्टी कळवाव्यात: काडी कोरडी निघाली की ओली, पाणी उकळण्याच्या भांड्यात थर चढतो का, आणि गळलेली एक कळी उभी चिरली असता ती आत सर्वत्र वाळलेली आहे की फक्त मधला भाग काळवंडला आहे. मधलाच भाग काळा असेल तर थंडीचा फटका बसला असण्याची शक्यता धरावी लागेल, आणि मग पाण्याऐवजी कुंडीच्या जागेचाच विचार आपल्याला पुन्हा करावा लागेल.